टेकूची वाळू

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढून जाताना वाटेत एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ लागते. विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधील तेथील शिलालेख गणिताच्या अभ्यासकांना परिचित आहे. कारण त्यात २७० आणि ५० हे आकडे शून्याच्या चिन्हासह कोरलेले आहेत. शून्याच्या या कौतुकात एक गोष्ट मात्र मागे पडते. तो लेख गणितज्ञाने लिहिलेला नाही. देवळाची व्यवस्था लावणाऱ्या माणसांनी लिहिलेला आहे. २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी बाग, माळ्यांनी रोज द्यावयाचे ५० हार आणि तेल्यांनी देवासाठी द्यावयाचे तेल, असा तो सरळ हिशेब आहे. देव होता, दाता होता, देणगीही होती. प्रश्न एवढाच होता की, हे तेल घाण्यापासून समईपर्यंत नित्य पोहोचावे कसे? लेखातील सारी काळजी त्या वाटेची आहे.

आजचे तेल घाण्यातून येत नाही, आणि ग्वाल्हेरच्या भूमीत खनिज तेलाचा टिपूसही काढला जात नाही. तरीही तेलाच्या व वायूच्या विहिरींशी आपला संबंध नाही, असे आम्हां ग्वाल्हेरकरांना म्हणता येत नाही. मुंबईजवळच्या समुद्रातील वायू उत्तरेकडे नेण्यासाठी हजीऱ्याहून जी मोठी नळवाट घातली गेली, ती आमच्याच मध्यप्रदेशातील गुना जिल्ह्यातल्या विजयपुरास येते. आता लष्करातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत नळाचा वायू जळतो. आमच्याच मध्यप्रदेशात, शहडोलकडील सोहागपूरच्या कोळशाच्या थरांतून २०१७ पासून व्यापारी प्रमाणावर वायू निघत आहे आणि शहडोलपासून फुलपूरपर्यंत ३०२ किलोमीटरच्या नळातून तो पुढे जातो. शिवाय माझा एक भाचा याच व्यवसायात आहे. तो सुटीवर आला म्हणजे गप्पा तेलाविषयी सुरू होतात. परंतु थोड्याच वेळात त्या वाळूवर येऊन थांबतात. प्रारंभी मला याचे नवल वाटे. विहिरीतून काढावयाचे असते तेल, मग हा सदान्‌कदा वाळूचीच चिंता का वाहतो? त्याने समजावून दिल्यावर मात्र त्या वाळूने माझ्याही मनात घर केले.

कोंकणीत विहिरीला बांय म्हणतात आणि वाळूला रेंव. गोव्याकडच्या माणसाला बांय म्हटले की चिऱ्याची बांधीव विहीर आठवते, आणि तेलाच्या विहिरीचेही तो तसेच काही चित्र मनाशी रंगवतो: खाली काळ्या तेलाचा डोह आणि वरून सोडलेली नळी. वस्तुस्थिती निराळी आहे. तेल डोहात नसते, दगडात असते. पहिला पाऊस पडून गेल्यावर किल्ल्याच्या वालुकाश्माकडे पाहावे. पाणी पृष्ठावरून ओघळतेच, पण थोडे आत जिरते आणि दगडाचा रंग गडद होतो. हा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची वाळू. कण एकमेकांना चिकटले, तरी त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या उरल्या. ज्या दगडात तोमर राजांच्या काळी गोपाचलावरील जिनमूर्ती कोरल्या गेल्या, ज्यातून सास-बहूच्या देवळातील १०९३ सालचे नाजूक स्तंभ घडले, तो दगड आतून सर्वस्वी भरीव नाही. ग्वाल्हेराने हे सत्य एकदा फार महागात अनुभवले आहे. सांक नदीवरील तिघरा धरण ऑगस्ट १९१७ मध्ये फुटले. पायाच्या खडकात पाणी शिरले होते. पुढे ते पुन्हा बांधले गेले आणि आजही शहराला त्याचे पाणी मिळते. खडक कितीही अचल दिसो, त्याच्या पोटात पाण्याची वाट असू शकते.

काही खडकांत मात्र या पोकळ्या इतक्या सूक्ष्म आणि एकमेकींपासून इतक्या तुटलेल्या असतात की, आत तेल वा वायू असूनही ते विहिरीपर्यंत सरकत नाहीत. अशा ठिकाणी वाट करून द्यावी लागते. त्या कृतीला हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग म्हणतात. विहिरीत पोलादी नळ बसवून, ठराविक खोलीवर त्याला भोके पाडून, त्या भोकांतून प्रचंड दाबाने पाणी आत रेटतात. दाब खडकाला सोसवेनासा झाला की खडक चिरतो. चीर काही मिलिमीटर रुंद, पण शंभर-दोनशे मीटर लांब जाऊ शकते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ह्यूगोटन नावाच्या वायुक्षेत्रात १९४७ मध्ये याचा पहिला प्रयोग झाला आणि १७ मार्च १९४९ रोजी ओक्लाहोमा व टेक्सस या राज्यांत ही पद्धत व्यापारी तत्त्वावर प्रथम वापरली गेली. आपल्याकडे गुजरातेत आणि राजस्थानातही तिचा उपयोग होत आला आहे. सोहागपूरच्या कोळशालाही अशाच चिरा पाडाव्या लागतात.

परंतु चीर पाडणे हा कामाचा सोपा भाग होय. पंप थांबला, पाण्याचा दाब ओसरला की वरच्या साऱ्या भूस्तरांच्या भाराने व आजूबाजूच्या दाबाने चीर पुन्हा मिटू पाहते. दोन किलोमीटर खोलीवर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला शेकडो किलो असतो. उघडलेली वाट उघडी ठेवावयाची, तर तिच्यात कशाचा तरी टेकू हवा. तो टेकू म्हणजे वाळू. पाण्याबरोबर वाळूचे कण आत पाठवितात; पाणी निघून जाते, वाळू राहते; खडक तिच्यावर मिटतो, पण पुरता मिटू शकत नाही. कणाकणांमधील फटींतून तेल व वायू विहिरीकडे वाहू लागतात. आरंभीच्या काळात ही वाळू नदीतूनच काढलेली असे. आज गोल, कठीण आणि एकसारख्या आकाराचे कण चाळून घेतात. अधिक खोलीसाठी बॉक्साइटसारख्या खनिजांपासून भाजून केलेले कृत्रिम कणही वापरतात. नेहमीच्या वापरातील कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे रव्याच्या दाण्याएवढा. एका टप्प्यात असे दहा टनांपासून शंभराहून अधिक टन कण जमिनीखाली जातात.

येथे आपल्या स्वयंपाकघरातील एक ओळखीची वस्तू भेटते. नुसत्या पाण्यात वाळू टिकत नाही, तळाशी बसते. चिरेच्या टोकापर्यंत तिला वाहून न्यावयाचे तर पाणी दाट करावे लागते, आणि त्यासाठी गवारीच्या बियांचे पीठ फार सोयीचे पडते. ज्या गवारीच्या शेंगांची आपण भाजी करतो तीच ही गवार. हजार लिटर पाण्याला तीन ते पाच किलो पीठ, त्यात टाकणखाराच्या जातीचा क्षार किंचित, की पाण्याचा थलथलीत रस होतो आणि वाळू त्यात तरंगत जाते. जगातील गवारीचे बहुतांश पीक भारतात, त्यातही राजस्थानात येते. अमेरिकेत विहिरींची संख्या वाढली तेव्हा गवारीचे भाव असे भडकले की, मार्च २०१२ मध्ये तिचा वायदेबाजार थांबवावा लागला. मारवाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले ते सातासमुद्रापलीकडील वाळू वाहण्यासाठी! काम झाल्यावर मात्र हा रस मोडावा लागतो. त्यात आधीच मिसळलेली द्रव्ये काही तासांत त्याचे पुन्हा पातळ पाणी करतात आणि ते विहिरीवाटे परत येते. वाहून नेणाऱ्याने परत यावे आणि वाहून नेलेल्याने तेथेच राहावे, अशी ही योजना आहे.

योजना अशी असली, तरी सगळी वाळू तेथे राहत नाही. विहीर उघडून परतीचा प्रवाह सुरू झाला की काही कण जागा सोडतात आणि तेल-वायू-पाण्याबरोबर वर येऊ लागतात. माझ्या भाच्याच्या चिंतेचा विषय तो हाच.

कोणते कण जागा सोडतात आणि कोणते सोडत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. कणांना एकमेकांशी चिकटवणारे काही नसते. खडकाचा दाब त्यांना आवळून धरतो, आणि जेथे चीर विहिरीच्या भोकाशी येऊन मिळते तेथे ते एकमेकांना रेलून कमानी उभारतात. देवळाच्या महाद्वाराची कमान जशी चुन्यावाचूनही केवळ दगडांच्या परस्पर रेट्यावर उभी राहू शकते, तशीच ही कणांची कमान. तिच्या पलीकडे शेकडो टन वाळू अडून राहते आणि तिच्या फटींतून प्रवाह मात्र वाहतो. अभ्यासकांना असे आढळले की, चिरेची रुंदी कणाच्या पाच-साडेपाच पटींपर्यंत असेल तोवर ही रचना बऱ्यापैकी टिकते. त्याहून रुंद चिरेत ती सहज ढासळते. प्रवाह हळूहळू वाढत गेला तर कण किंचित सरकून अधिक घट्ट बसतात, आणि कमान त्या प्रवाहाला सरावते. तोच प्रवाह एकदम सुटला, किंवा विहीर पुन्हा पुन्हा उघडमीट केली गेली, तर कमान कोसळते. ती कोसळली की मागची वाळू वाहू लागते. मग दुसरी कमान कधी बनते, कधी बनतच नाही.

सुटलेल्या कणाचा पुढचा प्रवास सर्वस्वी वेगावर अवलंबून असतो. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर या गतीने खाली पडतो. दीड हजार मीटर खोल विहिरीच्या तोंडाशी असा एक कण सोडला, तर तळ गाठावयास त्याला सहा तास लागतील. उलट पाणीच यापेक्षा अधिक वेगाने वर येत असेल, तर कण त्याच्याबरोबर वर येतो. वेग तेवढा नसेल, तर तो विहिरीच्या तळाशी साचत जातो आणि एके दिवशी खालची भोके बुजवितो. दाट तेलात तो सावकाश पडतो, म्हणून दाट तेल त्याला सहज उचलते. वायू हलका, म्हणून वायूला त्याच कामासाठी कितीतरी अधिक वेग लागतो. आडव्या खणलेल्या विहिरीत आणखी एक प्रकार घडतो. तेथे वाळू नळाच्या खालच्या अंगाला बसते आणि तिच्या लहान लहान टेकड्या प्रवाहाच्या दिशेने सरकत राहतात. वरचे कण उचलले जातात, थोडे पुढे जाऊन पडतात, मागचे त्यांच्यावर चढतात. उन्हाळ्यात चंबळेच्या पात्रात, किंवा पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या रेतीबांधावर, निसर्ग हेच उघड्यावर करीत असतो. वाहणाऱ्या पाण्याचा आणि वाळूचा कायदा नदीला वेगळा आणि नळाला वेगळा नाही.

कण वर आले तरी ते निमूटपणे येत नाहीत. वेगाने धावणाऱ्या वायूतील वाळू पोलाद कापते. जेथे नळ वळतो तेथे वायू वळतो, पण जड कण सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. म्हणून झीज नेमकी वळणावर होते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर ही झीज दुप्पट होत नाही, सुमारे पाच-सहा पट होते. यासाठी वळणाच्या जागी कधी कधी मुद्दाम बंद टोकाचा जोड ठेवतात. त्या टोकात वाळू साचून उशीसारखी राहते, आणि येणारे कण पोलादावर न आदळता आपल्याच जातभाईंवर आदळतात. भाच्याचे काम यातलेच. वळणाशी नळाला बाहेरून एक लहानसे यंत्र बांधलेले असते. आतून कण आदळल्याचा सूक्ष्म आवाज ते टिपते.

“मामा, आम्ही वाळू बघत नाही, ऐकतो,” असे तो म्हणाला होता. “शांत विहीर म्हणजे चांगली विहीर.”

कोळशातल्या वायूच्या विहिरीचे दुखणे थोडे वेगळे असते. तेथे वायू कोळशाला पाण्याच्या दाबाने धरून ठेवलेला असतो, म्हणून आधी महिनोन्‌महिने पाणी उपसावे लागते. कोळसा ठिसूळ; पाणी घाईने उपसले तर त्याची भुकटी होते आणि वाळूच्या कणांबरोबर पंपात शिरते. म्हणून अशा विहिरींत बहुधा स्क्रूसारखा फिरणारा पंप बसवितात. थोडीफार भुकटी तो सोसतो. पण सोशिक पंपालाही मर्यादा असते. पाण्याची पातळी किती सावकाश खाली न्यावी, हे तेथे अनुभवी माणूसच ठरवू जाणे.

यावर उपाय नाहीत असे नाही. कणांना राळेसारखे लेप देतात. जमिनीखालच्या उष्णतेने व दाबाने ते लेप एकमेकांना चिकटतात. काही वेळा वाळूत बारीक तंतू मिसळतात. भिंतीच्या मातीत गवत कालवावे तसा त्यांचा उपयोग होतो. वर आलेली वाळू अडविण्यासाठी सापळे असतात, तळाशी साचलेली धुऊन काढण्यासाठी लवचिक नळ्या असतात. पण या सर्वांहून स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित, असा एक उपाय आहे: विहीर हळू उघडणे. विहिरीच्या तोंडाशी चोक नावाचा एक अरुंद दरवाजा असतो. त्याचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. आज आठ, वाळू शांत राहिली तर उद्या दहा, परवा बारा, अशा पायरीने तो उघडावयाचा, आणि प्रत्येक पायरीला कान देऊन थांबावयाचे.

हे सर्वांना ठाऊक असते. तरी ते होतेच असे नाही. भाचा पूर्वी ज्या एका क्षेत्रावर होता (त्याचे नाव येथे नको) तेथील एक हकीगत त्याने सांगितली. विहीर चांगली लागली होती. पहिल्याच आठवड्याचा आकडा वरपर्यंत पाठवावयाचा होता आणि तो मोठा असावा, अशी वरच्यांची इच्छा होती. चोक एका रात्रीत ठरल्याहून कितीतरी पायऱ्या पुढे उघडला गेला. यंत्राचा आवाज चढला, मग एकसारखा चढलेलाच राहिला. पहाटेपर्यंत चोकचे तोंड आतून खाल्ले गेले होते. कोणाला इजा झाली नाही, हे दैव. चोक दुसऱ्या दिवशी बदलला. परंतु नंतर ती विहीर जे देऊ लागली ते अपेक्षेच्या मानाने फारच थोडे होते, आणि ते पुन्हा कधी वाढले नाही.

मी त्याला विचारले, “वाळू गेली ती शंभरातली पाच-दहा टन. बाकीची आत आहेच ना? मग एवढे कसे बिघडले?”

त्याने दिलेले उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहे. तो म्हणाला, “आत आहे, पण कुठली गेली ते पाहा. तोंडाजवळची गेली.”

याचा अर्थ असा. चीर दोनशे मीटर लांब असली, तरी तिच्यातील थेंबन्‌थेंब अखेर विहिरीच्या तोंडाजवळच्या हात-दोन हात जागेतूनच बाहेर पडतो. दूरच्या टोकाशी प्रवाह मंद असतो. तेथल्या कणांवर खडकाचा भार असतो, पण ओढ नसते. तोंडाशी साऱ्या चिरेचा प्रवाह एकवटतो. तेथल्या कणांवर भारही असतो आणि ओढही असते. म्हणून जागा सोडण्याचा प्रसंग प्रथम त्यांच्यावर येतो. आणि त्यांनी जागा सोडली की तेथे खडक मिटतो. मग पलीकडे नव्वद टन वाळू टेकू देऊन उभी असली तरी तिचा उपयोग नाही. वाट आतून उघडी आणि दाराशी बंद.

वाळूला आपल्या भाषेत फारसा मान नाही. वाळूचे घर म्हणजे न टिकणारे घर, वाळूतून तेल काढणे म्हणजे मूर्खाचा खटाटोप. यातली दुसरी म्हण तर आता शब्दशः खोटी ठरली आहे! पण वाळू जागेवर असली की काय करते, हे आम्ही चंबळेच्या प्रदेशातले लोक जाणतो. चंबळेच्या अभयारण्यात घडियाल मगरी आपली अंडी काठच्या वाळूत पुरतात. वाळू चोरून ट्रॅक्टर भरले गेले की त्यांना अंडी घालावयास जागा उरत नाही. कण तोच, जागेवर असला तर आधार, जागा सुटली तर विध्वंस. धर्म हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ धारण करणे असा आहे. एरवी हा अर्थ मला पोथीतला वाटे. जमिनीखाली दोन किलोमीटरवर, अंधारात, आपल्या आकाराच्या मानाने अफाट भार पेलून एक वाट उघडी धरणाऱ्या रव्याएवढ्या कणाचा विचार करू लागल्यापासून तो मला अगदी जवळचा, रोजच्या वापरातला वाटू लागला आहे.

हा विचार येथेच थांबला असता तर तो लिहून वाचकांसमोर ठेवण्याचे कारण नव्हते. पण ग्वाल्हेरात आपली घरे मोजकी आहेत. शिंद्यांच्या पदरी केरकर घराण्यातले जिवबादादा बक्षी होते, लखबादादा लाड होते. त्या काळापासून आपली माणसे दक्षिणेतून या बाजूस येत राहिली. कोणी तलवार घेऊन आले, कोणी लेखणी घेऊन. पुढे कोणी इंदूरला, कोणी मुंबईला, कोणी परदेशी गेले. जे दूर आहेत ते विसरले आहेत असे मी म्हणणार नाही. उत्सवाला वर्गणी येते, जीर्णोद्धाराला देणगी येते, कुलदेवतेच्या नावाने ठेव ठेवली जाते. चिरेच्या दूरच्या टोकाशीही टेकू लागतोच. परंतु सकाळी गाभाऱ्याचे कुलूप काढणारा, समईत तेल आहे की नाही हे पाहणारा, पालखीच्या रात्री भोई मोजणारा आणि उत्सव संपल्यावर भांडी मोजून कपाटात ठेवणारा माणूस तोंडाशी असतो. दुरून आलेली सारी भक्ती आणि सारे द्रव्य त्या तीन-चार माणसांच्या हातांतूनच देवापर्यंत जाते. भार त्यांच्यावर, ओढही त्यांच्यावर. ती माणसे थकून दूर झाली, तर बँकेतील ठेव कितीही मोठी असो, दार उघडणार नाही. चतुर्भुजाच्या लेखात देणगी तेलाची आहे, फुलांची आहे. पण तिची जबाबदारी तेथल्याच तेल्या-माळ्यांवर सोपविली आहे, यातील शहाणपण आता मला नीट दिसते.

आणि हल्ली या कामाला नवी माणसे मिळत नाहीत, अशी तक्रार मी सर्वत्र ऐकतो. ती पुरती खरी नाही. माणसे येतात. नोकरीनिमित्त नवे जोडपे शहरात येते, चौकशी करीत एखाद्या संध्याकाळी आरतीला येते, मुलाच्या तोंडून कोंकणी शब्द ऐकून म्हाताऱ्यांना भरून येते. पुढे काय होते? पहिल्याच उत्सवात त्या तरुणाकडे वर्गणीची वही जाते, दुसऱ्या दिवशी प्रसादाची जबाबदारी, तिसऱ्या दिवशी हिशेब. शिवाय मागील वर्षीचे कोणाचे कोणाशी भांडण होते तेही त्यानेच मिटवावे, अशी अपेक्षा. आम्हांला वाटते, आपण त्याच्यावर विश्वास टाकीत आहोत. वस्तुतः आपण चोक एका रात्रीत पुरा उघडलेला असतो. पुढच्या वर्षी तो तरुण दिसत नाही, आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना आस्था नाही. आस्था होती, तिला घट्ट बसावयास अवसर मिळाला नाही.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे, आणि ती ग्वाल्हेरपुरती नाही. जेथे जेथे आपली देवळे थोड्या घरांवर उभी आहेत, तेथे नव्या माणसाला पहिल्या वर्षी एकच काम द्यावे. एका सोमवारची समई, किंवा एका संध्याकाळचे हार. ते तो नीट करू लागला की दुसऱ्या वर्षी दुसरे. मध्ये विचारपूस करावी. नुसते काम झाले की नाही एवढेच न पाहता, काम करणाऱ्याच्या बोलण्यातला सूर बदलला आहे का, याकडे कान द्यावा. आणि जी तीन-चार माणसे वर्षानुवर्षे तोंडाशी उभी आहेत, त्यांना उत्सवाच्या शेवटी केवळ शाल-श्रीफळ न देता पुढच्या वर्षासाठी एक जोडीदार द्यावा. कमान एका दगडाची होत नाही. शेजारचा रेलला तरच प्रत्येकाला उभे राहता येते, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या फटींतूनच जे वाहावयाचे ते वाहते.